महाविद्यालयाचा ग्रंथपाल होताना

‘पुस्तकांची आवड आहे म्हणून ग्रंथपाल व्हायचंय’ असं सांगणारे बरेच भेटतात. आवड असावीच, पण तेवढ्यावर हे काम निभत नाही. महाविद्यालयातल्या ग्रंथपालाला कामाच्या वेळेत वाचायला जवळजवळ मिळत नाही. दिवस जातो बिलं तपासण्यात, वर्गांक (पुस्तकाच्या विषयाचा क्रमांक) देण्यात, संगणकातल्या नोंदी दुरुस्त करण्यात आणि ‘ते निळ्या कव्हरचं, मागच्या वर्षी सरांनी सांगितलेलं’ एवढ्यावरून पुस्तक हुडकण्यात. दुसऱ्याला हवी असलेली गोष्ट शोधून देण्यात ज्याला गंमत वाटते, त्याला हे काम मानवतं. मी हा रस्ता महाराष्ट्रातल्या अनुदानित महाविद्यालयांच्या अंगाने पाहिला, म्हणून पुढचे तपशील तिथलेच आहेत.

शिक्षणाचा भाग सोपा आहे. कुठल्याही शाखेची पदवी, मग एक वर्षाचं बी.लिब. (ग्रंथालयशास्त्राची पदवी), त्यावर एक वर्षाचं एम.लिब. (पदव्युत्तर पदवी). काही विद्यापीठांत हेच दोन वर्षांचं सलग चालतं. नोकरी सांभाळून शिकायचं असेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि इग्नू हे नेहमीचे मार्ग. काही महिन्यांचा ग्रंथालय प्रमाणपत्र अभ्यासक्रम गावातल्या सार्वजनिक वाचनालयात कामी येतो, पण महाविद्यालयाच्या ग्रंथपालपदाची पात्रता त्याने येत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांप्रमाणे एम.लिब.ला किमान ५५ टक्के लागतात. मागास प्रवर्ग आणि दिव्यांगांना त्यात ५ टक्क्यांची सूट असते. ५४.८चं ५५ कुणी करून देत नाही, त्यामुळे शेवटच्या सत्रात एखाद्या पेपरकडे दुर्लक्ष करणं फार महाग पडतं.

त्यानंतर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा. नेट देशभर चालते. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. दोन्हींचा साचा एकच: पहिला पेपर ५० प्रश्नांचा, १०० गुणांचा आणि सर्वांना समान. दुसरा आपल्या विषयाचा, १०० प्रश्न, २०० गुण. वेळ एकूण तीन तास. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही. खुल्या प्रवर्गाला सरासरी ४० टक्के आणि राखीव प्रवर्गांना ३५ टक्के ही फक्त दारात शिरण्याची अट आहे. दोन्ही पेपर दिलेल्यांपैकी साधारण ६ टक्केच उमेदवार पात्र ठरवतात, म्हणजे खरी स्पर्धा त्या ६ टक्क्यांत बसण्याची. ग्रंथालयशास्त्राच्या पेपरात जोड्या लावा आणि कालानुक्रम लावा हे प्रकार भरपूर असतात. अमेरिकन ग्रंथपाल बोर्डनने बडोद्यात ग्रंथपालांचा प्रशिक्षणवर्ग सुरू केला ते साल १९११, ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांची पंचसूत्रं १९३१ची, त्यांचीच द्विबिंदू ही पुस्तकांच्या वर्गीकरणाची पद्धत १९३३ची, अशा तारखा एका कागदावर क्रमाने लिहून भिंतीवर चिकटवल्या तर त्या फुकटच्या गुणांसारख्या आहेत. मुलं मागे पडतात ती बहुतेक पहिल्या पेपरात. आपल्या विषयाची म्हणून दुसऱ्याची तयारी जोरात करतात आणि तर्क, आकडेवारीचं आकलन, संशोधनपद्धती यांना शेवटचा आठवडा देतात.

सेट झाली म्हणून नोकरी लागली असं होत नाही. खरी कसोटी इथून पुढे. अनुदानित पद भरायचं तर संस्थेला आधी उच्च शिक्षण सहसंचालकांकडून ना-हरकत प्रमाणपत्र लागतं, बिंदुनामावली (कुठलं पद कुठल्या प्रवर्गासाठी, याचा तक्ता) तपासून घ्यावी लागते, जाहिरातीला विद्यापीठाची मंजुरी लागते. यातली एक कडी अडली तरी जाहिरात वर्षभर लांबते. त्यातच अनेक महाविद्यालयांचा कारभार प्रभारी ग्रंथपालावर चाललेला असतो. जाहिरात आली की अर्जाला बहुतेकदा १५ दिवसच मिळतात, म्हणून कागदपत्रांचा संच आधीच तयार ठेवावा: सगळ्या गुणपत्रिका, नेट-सेटचं प्रमाणपत्र, जातवैधता, चालू वर्षाचं नॉन-क्रीमीलेअर, नावात बदल असेल तर राजपत्र. राखीव जागेसाठी अर्जाची एक प्रत विद्यापीठाच्या आरक्षण कक्षाकडेही पाठवायची असते. ही ओळ जाहिरातीच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेली असते आणि बरेच जण ती वाचतच नाहीत. आधीच कुठे नोकरीत असाल तर अर्ज तिथल्या प्राचार्यांमार्फत जायला हवा.

मधल्या काळात विनाअनुदानित महाविद्यालयात, अभियांत्रिकी किंवा फार्मसीच्या ग्रंथालयात ठोक पगारावर काम मिळतं. पगार तुटपुंजा असतो, पण हे काम जरूर करावं. निवड समितीसमोर वर्गीकरणाचे सिद्धांत फार कुणी विचारत नाही. एखादं पुस्तक हातात देऊन ‘याचा वर्गांक सांगा’, ‘कोहा आणि सोल यांत फरक काय’, ‘नॅकच्या निकष चारमध्ये ग्रंथालयाची कुठली माहिती द्यावी लागते’, ‘जुनी पुस्तकं रद्द कशी कराल’ असे प्रश्न येतात. (कोहा आणि सोल या ग्रंथालयाच्या संगणकप्रणाली, नॅक ही महाविद्यालयांचं मूल्यांकन करणारी संस्था.) काउंटरवर उभा राहिलेला माणूस यांची उत्तरं वेगळी देतो. मुलाखतीच्या आसपास पैशाची भाषा सुरू झाली, मग तिला ‘विकासनिधी’ म्हणा की आणखी काही, तर तिथून उठावं हे माझं मत. त्या नोकरीत पुढची वर्षं पुस्तकखरेदीपेक्षा वसुलीचा विचार करण्यात जातात.

नेमणूक झाली तरी विद्यापीठाची वैयक्तिक मान्यता येईपर्यंत पगार सुरू होत नाही. त्याला काही महिने लागतात, तेवढी पुंजी गाठीशी हवी. पगार सातव्या वेतन आयोगात अकॅडमिक लेव्हल १०, सुरुवात मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून, म्हणजे सहायक प्राध्यापकाइतकाच. पुढची बढती कॅस या पदोन्नती योजनेतून: पीएच.डी. असेल तर चार वर्षांनी, एम.फिल. असेल तर पाच, नसेल तर सहा. त्यासाठी लागणारे अभ्यासवर्ग वेळेत करून प्रमाणपत्रं एका फाईलला लावत गेलं की झालं.

आता पदभाराविषयी, कारण नव्या ग्रंथपालाच्या मानगुटीवर जुनं ओझं बसतं ते इथेच. पहिल्या दिवशी प्राचार्य एक कागद पुढे करतात: ‘ग्रंथालयातील सर्व साहित्य ताब्यात मिळाले.’ साठा मोजल्याशिवाय यावर सही करायची नाही. सही केली की आधीच्या वीस वर्षांत गेलेली पुस्तकंही तुमच्या नावावर. त्याऐवजी पदभार यादी मागावी. तिच्यात ॲक्सेशन रजिस्टरचे (दाखल पुस्तकांच्या क्रमवार नोंदवहीचे) खंड आणि शेवटचा क्रमांक, विद्यार्थ्यांकडे आणि प्राध्यापकांकडे बाहेर असलेली पुस्तकं, निर्लेखित (रद्द) झालेल्यांचे ठराव, नियतकालिकांची थकीत बिलं, संगणकांचे आणि ई-संसाधनांचे पासवर्ड, कपाटांच्या किल्ल्या हे सगळं यायला हवं. साठा पडताळणी बाकी असेल तर यादीवरच ‘पडताळणीच्या अधीन राहून’ असं लिहून सही करावी.

पडताळणीसाठी केंद्राच्या सामान्य वित्तीय नियमांतला नियम २१५ मोजपट्टी म्हणून हाताशी ठेवावा. २०,००० पर्यंत ग्रंथ असतील तर दरवर्षी पूर्ण मोजणी, २०,००० ते ५०,००० असतील तर तीन वर्षांतून एकदा, त्याहून जास्त असतील तर नमुना पडताळणी. वर्षभरात देवघेव झालेल्या आणि वाचायला काढलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच गहाळ होणं वाजवी धरलं जातं, अर्थात त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसेल तर. १,००० रुपयांहून महाग किंवा दुर्मीळ पुस्तक हरवलं तर मात्र चौकशी करावीच लागते. हा आकडा व्यवस्थापनाला एकदा दाखवला की ‘ग्रंथपालाच्या पगारातून कापा’ हा सूर बराच खाली येतो. मुक्त प्रवेश असलेल्या, म्हणजे वाचक स्वतः कपाटातून पुस्तक काढतात अशा ग्रंथालयात काही पुस्तकं जाणारच. एकही जाऊ नये म्हणून कपाटांना कुलूप लावलं तर ग्रंथालय कशाला उघडायचं?

मोजणी सुट्टीत करावी आणि त्याआधी प्राध्यापकांकडची पुस्तकं परत मागवावीत. विद्यार्थ्यांची थकबाकी ना-देय दाखल्याच्या वेळी आपोआप वसूल होते, प्राध्यापकांची मात्र सेवानिवृत्तीपर्यंत कपाटात राहते. हे अवघड जागेचं दुखणं आहे आणि ते प्राचार्यांच्या सहीच्या पत्रानेच हलतं.

यानंतर मुख्य काम, संगणकीकरण. महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत साधारण तीन गोष्टी दिसतात: गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचं सोल, मुक्त स्रोत असलेलं कोहा, किंवा एखाद्या स्थानिक कंपनीची प्रणाली. कोहा फुकट मिळतं, पण ते चालवायला लिनक्सची जुजबी माहिती आणि रोजचा बॅकअप लागतो. बॅकअप त्याच संगणकावर ठेवला तर हार्ड डिस्कबरोबर तोही जातो, म्हणून रोज रात्रीची प्रत दुसऱ्या यंत्रावर जायला हवी.

कामाचा अंदाज आधी मांडावा. २५,००० ग्रंथ असतील आणि सरावलेला माणूस नोंद, बारकोड, स्पाइन लेबल (कण्यावरची चिठ्ठी) धरून दिवसाला ५० उरकत असेल, तर एकट्याला ५०० कामाचे दिवस लागतात. दोघांना २५०, म्हणजे जवळजवळ एक शैक्षणिक वर्ष. ‘पूर्ण संगणकीकृत’ असं अहवालात लिहिलेली अनेक ग्रंथालयं अर्ध्यावर अडकलेली असतात ती हे गणित न केल्यामुळे. क्रमांक एकपासून सुरुवात करू नये. १९७०च्या दशकातली पुस्तकं वर्षात कुणी मागत नाही आणि त्यांच्या नोंदींत मात्र महिने जातात. आधी देवघेवीत असलेली पाठ्यपुस्तकं आणि संदर्भग्रंथ घ्यावेत. परत आलेलं प्रत्येक पुस्तक नोंद होऊनच रॅकवर जाईल असा नियम केला की मागणी असलेला साठा आपोआप पुढे सरकतो.

इंग्रजी पुस्तकांच्या नोंदी झेड ३९.५० हा नोंदींच्या देवाणघेवाणीचा संगणकीय संकेत वापरून लायब्ररी ऑफ काँग्रेससारख्या ठिकाणाहून ओढून घेता येतात. मराठीच्या बहुतेक स्वतःच टंकाव्या लागतात, आणि खरी डोकेदुखी तिथे आहे. जुन्या याद्या श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये असतात. त्या युनिकोडमध्ये उतरवताना रफार आणि जोडाक्षरं बिघडतात, म्हणून नमुन्याची शंभर शीर्षकं आधी डोळ्यांनी तपासावीत. ‘दुसऱ्या’मधला ऱ्य दोन वेगवेगळ्या प्रकारे टंकता येतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला ते वेगळे शब्द वाटतात आणि शोधाला शून्य उत्तरं येतात. सगळ्यांनी एकच कीबोर्ड, शक्यतो इनस्क्रिप्ट, वापरावा. कोहात झेब्राचं (त्याच्या शोधयंत्रणेचं) अनुक्रमण ‘आयसीयू’ या युनिकोड ओळखणाऱ्या पद्धतीचं ठेवावं, नाहीतर देवनागरी शोध लंगडतो. शीर्षक नोंदीच्या २४५ क्रमांकाच्या रकान्यात देवनागरीत दिल्यावर २४६ मध्ये त्याचं रोमन रूपही टाकावं. मुलं मोबाइलवर रोमनमध्येच शोधतात.

लेखकांच्या नावांसाठी नामाधिकार यादी लागतेच. राम गणेश गडकरी कवितेला गोविंदाग्रज होतात आणि विनोदाला बाळकराम. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर हे एकच, हे मराठीच्या विद्यार्थ्याला माहीत असतं, संगणकाला नसतं. एक रूप अधिकृत धरून बाकीची त्याला जोडली नाहीत तर कविता एका नावाखाली आणि नाटकं दुसऱ्याखाली राहतात, आणि मुलगा सांगत जातो की ग्रंथालयात काही नाही.

ड्यूईच्या दशांश वर्गीकरणात मराठी साहित्य ८९१.४६. कविता ८९१.४६१, नाटक ८९१.४६२, कथात्म साहित्य ८९१.४६३. कथा आणि कादंबरी एकाच क्रमांकात पडत असल्याने मराठी विभाग मोठा असलेल्या महाविद्यालयात तो रॅक फुगतो. त्यावर उपाय वर्गांकाला जोडायच्या ग्रंथांकाचा: लेखकाच्या आडनावाची पहिली तीन अक्षरं, मग शीर्षकाचं पहिलं. कथासंग्रहांना वेगळी खूण हवी असेल तर ती लेबलच्या वरच्या ओळीत द्यावी, वर्गांकात घरगुती बदल करू नये. पाच वर्षांनी दुसरा माणूस आला की त्याला ते घरगुती आकडे उलगडत नाहीत.

कोहात प्रतीची माहिती ९५२ क्रमांकाच्या रकान्यात जाते. त्यात किंमत रिकामी सोडायची नाही, कारण हरवलेल्या पुस्तकाची भरपाई आणि निर्लेखनाचं मूल्य तिथूनच निघतं. एक्सेलमधून एकगठ्ठा नोंदी आणताना बारकोडच्या आधीची शून्यं गळतात, ००१२३ चं १२३ होतं आणि स्कॅनर पुस्तक ओळखत नाही. तो रकाना आधीच ‘टेक्स्ट’ करून घ्यायचा. बारकोड पुस्तकाच्या मलपृष्ठावर चिकटवला की बाइंडिंगच्या वेळी जातो, म्हणून तो शीर्षकपृष्ठावर आणि एक जादा आतल्या ठरावीक पानावर लावावा.

खरेदी जानेवारी ते मार्चमध्ये एकदम अंगावर येते, कारण ३१ मार्चला अनुदान परत जाण्याची भीती असते. विभागांच्या मागण्या, ग्रंथालय समितीचा ठराव, तीन दरपत्रकं, ऑर्डर, माल, बिल असा क्रम. पेटी आली की बिलाआधी पुस्तकं उघडावीत. छपाईचा एखादा फॉर्म (पानांचा जुडगा) गायब किंवा उलटा, मागच्या आवृत्तीवर नव्या किमतीचं लेबल, आधीच असलेल्या पुस्तकाच्या पाच प्रती हे प्रकार नेहमीचे आहेत आणि बिल भरल्यावर विक्रेता फोन उचलत नाही. परदेशी पुस्तकाचा चलनदर बिलाच्या तारखेचा आहे का, हेही पाहायचं. बिलाच्या पाठीमागे ‘अमुक ते अमुक क्रमांकांवर दाखल’ असा शेरा आणि सही झाल्याशिवाय ते लेखा विभागात जाऊ नये. नवीन शैक्षणिक धोरणाचे अभ्यासक्रम २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत पदवीला लागू झाले, त्यामुळे सध्या पाठ्यपुस्तकांच्या जास्त प्रती एकदम घेण्यात शहाणपण नाही. नव्या अभ्यासक्रमाची पुस्तकं उशिरा आणि घाईने छापलेली येतात. पहिल्या वर्षी दोन-तीन प्रतींवर भागवावं.

नॅकसाठी आतापर्यंतच्या साच्यात ४.२ हा मुद्दा ग्रंथालयाचा: प्रणाली कुठली, ई-संसाधनं कुठली, खरेदीवरचा वार्षिक खर्च, रोजचा वापर. रोजच्या वापराची नोंद रजिस्टर किंवा बारकोडने पहिल्या दिवसापासून ठेवावी, मागाहून ती बनवता येत नाही आणि बनवूही नये. एन-लिस्ट या ई-पुस्तकं आणि ई-नियतकालिकांच्या योजनेचे पासवर्ड वर्षाच्या सुरुवातीला सगळ्यांना मिळतात, पण लॉगिन वाढत नाहीत. विभागवार अर्ध्या तासाचं प्रात्यक्षिक, प्रत्येकाच्या फोनवर, त्यांच्याच प्रकल्पाचा विषय शोधून, एवढं केलं की वापर हलतो. सभागृहात स्लाइड दाखवून तो हलत नाही.

पावसाळ्यात, कोकणात आणि गोव्यात तर फारच, आर्द्रता ६५-७० टक्क्यांवर राहिली की बुरशी धरते. रॅक भिंतीला चिकटवू नये, खालचा खण जमिनीपासून अर्धा फूट वर हवा, रॅक गच्च भरू नये. बुरशीचं पुस्तक ग्रंथालयात झटकलं तर बीजाणू सगळीकडे पसरतात. ते बाहेर नेऊन मऊ ब्रशने साफ करावं, आणि आधी वाळू द्यावं, उन्हात नाही, पंख्याखाली.

या सगळ्यात समाधान कुठे, असं कुणी विचारलं तर मी काउंटरवरच्या एका वहीकडे बोट दाखवतो. ग्रंथालयात न सापडलेल्या मागण्यांची वही. चार रकाने: तारीख, काय मागितलं, कोणत्या वर्गाने, का मिळालं नाही. शेवटचा रकाना महत्त्वाचा, कारण ‘नाही’ची तीन वेगळी कारणं असतात: आपल्याकडे नाहीच, आहे पण बाहेर आहे, आहे आणि आत आहे पण सापडलं नाही. पहिल्याला खरेदी लागते, दुसऱ्याला जादा प्रत किंवा मुदत कमी करणं. तिसऱ्यात नोंद चुकलेली असते किंवा रॅक, आणि ते त्याच दिवशी दुरुस्त करता येतं. ‘नाही’ सांगून मुलगा परत गेला तर तो पुन्हा विचारत नाही, म्हणून सहायक आणि परिचर यांनीही ती वही भरायची सवय लावावी. वर्षाअखेर वहीतून यादी काढून ग्रंथालय समितीसमोर ठेवायची: तीन किंवा जास्त वेळा मागितलेलं शीर्षक विभागाच्या शिफारशीची वाट न बघता थेट खरेदीत, आणि तेवढ्यासाठी अंदाजपत्रकाचा दहावा भाग ग्रंथपालाच्या अखत्यारीत. असा ठराव एकदा इतिवृत्तात नोंदला गेला की पुढच्या वर्षी त्यावर वाद होत नाही.